तीन विटा जाडीची भिंत

वारसा समितीच्या वास्तुतज्ज्ञ बाई येणार म्हणून दादांनी त्या रविवारी सकाळी दोनदा दाढी केली. पहिली सवयीने आणि दुसरी इतिहासासाठी.

या घराचा इतिहास दादांनीच लिहिला होता. छापलाही त्यांनीच, आणि पोटमाळ्यावरचे न फोडलेले गठ्ठे पाहता वाचलाही बहुधा त्यांनीच. निवृत्त प्राध्यापकाला शोभेल अशा त्या जाडजूड ग्रंथाचा सिद्धान्त एका वाक्यात मावणारा होता. म्हणूनच तो सांगायला नऊ प्रकरणे लागली होती. हे घर म्हणजे शहरातली अस्सल विटेची सर्वांत जुनी इमारत. भट्टीवाल्या पणजोबांनी ती स्वतःच्या भट्टीतल्या विटांनी बांधली, बाहेरच्या भिंती तीन विटा जाडीच्या घेतल्या आणि दारे-खिडक्या आणि जिना सोडला तर तिला लाकडाचा स्पर्श होऊ दिला नाही. पुरावा म्हणून दादांनी पणजोबांची जाहिरात उद्धृत केली होती: ‘लाकूड जळते. आमची वीट जळून आलेली असते.’ दुकानदाराच्या जाहिरातीला पुरावा मानणारा इतिहासकार एरवी सापडायचा नाही. दुकानदाराचा पणतूच इतिहासकार झाला की ही अडचण उरत नाही.

मात्र त्या सकाळी पणाला लागलेली गोष्ट ग्रंथ नव्हती. घर तीन भावंडांच्या नावावर होते आणि तिघांतल्या दोघांनी सही केली की त्याचे काय करायचे ते ठरणार होते. सर्वांत धाकटा छोटू, साठी उलटलेला आणि वजनाच्या काट्याला नको झालेला, बांधकामाचा कंत्राटदार होता. त्याला घर पाडून तिथे उंच इमारत उभी करायची होती. मधली बहीण दंतवैद्य. घरातल्या मुलांमुळे सगळेच तिला आत्या म्हणत, फक्त दादा अजूनही ‘बेबी’ म्हणत आणि छोटू ‘ताई’. रस्त्याकडच्या खोलीत तिचा दवाखाना होता, त्याच्यावरच्या खोलीत ती राहत होती, आणि या दोन खोल्यांखेरीज तिला जगात दुसरे काहीही नको होते. छोटूने तिला नव्या इमारतीत सातवा मजला देऊ केला होता.

“दाढ ठणकणारा माणूस सातव्या मजल्यावर चढतो का रे?” तिने विचारले होते.

“लिफ्ट असेल की, ताई.”

“आणि वीज गेली की? अर्ध्या वाटेत लटकून बोंबलेल तो. तुझ्या नावाने.”

यावरचा उपाय दादांनी काढला. घर संरक्षित वास्तूंच्या यादीत गेले की कोणालाच पाडता येणार नव्हते. अर्जावर दोघांच्या सह्या होत्या, दादांची घराण्याच्या मानासाठी आणि आत्याची दोन खोल्यांसाठी. एकाच अर्जाखाली इतके वेगळे हेतू शेजारी बसलेले फक्त कुटुंबातच दिसतात. आता बाईंनी येऊन घर पाहायचे, की झाले.

निदान दादांना तसे वाटत होते.

*

काकूला, म्हणजे छोटूच्या बायकोला, त्या सकाळी मनापासून बोलायचे होते आणि तोंड उघडायची सोय नव्हती. पुढचे दोन दात आत्याने नुकतेच काढले होते आणि कायमचे येईपर्यंत तात्पुरते बसवले होते. कायमचे केव्हा येणार, हे विचारले की आत्या म्हणायची, “घराचं काय ते एकदा ठरू दे. मन शांत असलं की हात स्थिर राहतो.” याला धमकी म्हणावे तर नणंद हसत होती, आणि आपुलकी म्हणावे तर तिच्या हातात चिमटा होता. त्यामुळे काकू गेले काही दिवस नवऱ्याच्या बाजूने बोलत होती, पण ओठ मिटून.

जेवणाच्या टेबलाशी, आपल्या नेहमीच्या खुर्चीत, पणजोबांची तसबीर बसवलेली होती. या घरात भिंतींना खिळा ठोकत नाहीत. ‘विटेला जखम करायची नाही’ ही पणजोबांची ताकीद होती आणि चार पिढ्यांनी ती एखाद्या व्रतासारखी पाळली होती. चित्रे जमिनीवर भिंतीला टेकून उभी असत, आरसे टेबलांवर आणि घड्याळ कपाटाच्या डोक्यावर. नवी सून आली की तिला वाटे, या घरात अजून सामान लावायचे चालले आहे. काकूने तर लग्नानंतर पहिल्याच सकाळी तसबिरीला चहा विचारला होता. तो किस्सा तिला अजून ऐकवला जातो.

“आज काही बोलू नकोस,” दादांनी छोटूला बजावले. “बाई विद्वान आहेत.”

“मग तर तूही बोलू नकोस,” छोटू म्हणाला.

“अहो!” काकू ओठ न उघडता म्हणाली.

“बघ, हिला जमतं,” दादा म्हणाले. “शीक जरा.”

आत्या दवाखान्यातून हात पुसत आली. “दादा, एक सांगू? बाईंना घर बघू दे, चहा घेऊ दे, जाऊ दे. तू त्यांना भिंती दाखवू नकोस.”

“भिंती दाखवू नको? अगं, घरात दुसरं आहे काय?”

“जिना दाखव. जिना छान आहे.”

“बेबी,” दादा अतिशय मायेने म्हणाले, “तुझा विषय नाही हा.”

काकूने नणंदेकडे पाहिले. कोणाचाही चुकलेला दात पहिल्या नजरेत ओळखणारी ही बाई एका वाक्यावर गप्प बसली, हे काही तिला बरोबर वाटले नाही. तिने ते मनात नोंदवून ठेवले. तोंड बंद असले की माणसाच्या पुष्कळ गोष्टी लक्षात येतात.

*

बाई आल्या त्या एका साध्या पिशवीसह. वय दादांच्या विद्यार्थिनींएवढे, आवाज मऊ, आणि ऐकून घेताना मान किंचित कलती करण्याची सवय. दादांनी ही सवय आदराची मानली. ग्रंथाची प्रत त्यांनी दारातच बाईंच्या हाती ठेवली. बाईंनी ती आधी एका हाताने तोलली, मग दुसऱ्या हाताने धरली.

“जड आहे.”

“विषयच तसा आहे,” दादा म्हणाले, आणि यात्रा सुरू झाली.

बाई फारसे बोलत नव्हत्या. दिवाणखान्यात त्या खिडकीपाशी थांबल्या आणि चौकटीवरून बोट फिरवले.

“खिडक्या उथळ आहेत हो.”

“वैराग्य,” दादा म्हणाले. “चौथं प्रकरण. पणजोबांना ऐसपैस कट्टे, बैठका, असला विलास मान्य नव्हता.”

“तीन विटांच्या भिंतीत कट्टा आपोआप मिळतो. विलास करायची गरज नसते. इथे कपसुद्धा राहायचा नाही.”

“नाहीच राहत,” काकूच्या तोंडून निसटले. “लग्नातला अख्खा सेट गेला माझा.”

“रात्री घर करकरतं का?” बाईंनी विचारले.

“करकरत नाही. विटा दिवसभराची ऊब सोडतात. पाचव्या प्रकरणाला तळटीप आहे.”

“आणि पावसाळ्यात दारं अडकतात?”

“सगळी,” छोटू उत्साहाने म्हणाला. “ओल आहे. मी कधीचा सांगतोय. पोखरलंय घर आतून.”

बाईंनी मान कलती केली. इतक्या शिकलेल्या घराण्यात आजवर कोणी या सगळ्या गोष्टी एका जागी मांडून पाहिल्या नाहीत, याचे त्यांना नवल वाटले असेल तर त्यांनी ते दाखवले नाही. त्यांना ठाऊक नव्हते की या घराण्यात वाचनाची आवड होती आणि बघण्याची अजिबात नव्हती. डोळ्यांसमोरचे दिसू नये म्हणून ग्रंथाइतका उत्तम आडोसा दुसरा नाही. तो स्वतः लिहिलेला असेल तर कुठल्याही बाजूने काही दिसत नाही.

दवाखान्यात बाई खाली वाकल्या. रुग्णाच्या खुर्चीशेजारच्या वाडग्यापासून निघालेली नळी थेट बाहेरच्या भिंतीत शिरत होती.

“ही बाहेर कशी काढली?”

“नळवाल्याने काढली,” आत्या म्हणाली.

दादांचा चेहरा पडला. “बेबी! बाहेरच्या भिंतीला भोक?”

“लाळ कुठेतरी जायला हवी ना, दादा.”

“पणजोबांनी...”

“पणजोबांना दात नव्हते. त्यांना नाही कळायचं.”

बाईंनी नळीकडे पाहिले, मग आत्याकडे. आत्या त्याच वेळी कपाटातली काचेची भांडी नीट लावू लागली, खरे तर ती आधीच नीट लावलेली होती.

*

छोटूला विटेबद्दल प्रेम नव्हते आणि म्हणून पूर्वग्रहही नव्हता. त्याचा सारा जन्म सिमेंटात गेला होता. अंगणात उभे राहून दादांचे व्याख्यान ऐकताना तो भिंतीकडे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहत होता. समोरची बाजू देखणी होती, हे त्यालाही नाकारता येईना. प्रत्येक थरात एक वीट लांब, एक आखूड, पुन्हा लांब. चुन्याच्या रेषा केसासारख्या बारीक. रंग पिकल्या जांभळाकडे झुकणारा. कोपऱ्यांवर वरपासून खालपर्यंत दगडी पट्ट्या. दादांच्या मते या पट्ट्या म्हणजे ‘विटेच्या ऊर्मीला दगडाने घातलेला संयम’. बाईंनी त्या संयमावर नखाने ओरखडा काढला. नखाखाली रंगाचा पापुद्रा आला. त्यांनी तो फुंकरून टाकला.

“एक वीट काढून बघितली तर चालेल?” त्या म्हणाल्या. “गटाराच्या नळामागची. दिसणार नाही.”

“अशक्य,” दादा म्हणाले.

“का? उत्तम कल्पना आहे!” छोटू पुढे सरसावला. आत ओल असणार, चुना पीठ झालेला असणार. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिले की अर्ज तिथेच निकालात निघाला. “काढा, बाई. मी हत्यार आणून देतो.”

“या घरात विटेला जखम करत नाहीत.”

“दादा, तुला भीती वाटतेय. तीन विटा म्हणतोस, दोनच निघाल्या तर?”

“भीती? मला?”

“मग काढू दे की.”

“दादा, नको,” आत्या मागून म्हणाली. “त्याच्या नादी लागू नकोस. ऐक माझं.”

तिने तो ‘नको’ इतक्या कळवळ्याने उच्चारला की दादांना वाटले, हिलाही शंका आहे. एका कंत्राटदाराची शंका त्यांना सहन झाली असती. दोघांची झाली नाही. ते वळले, गटाराच्या नळाकडे हात केला आणि वर्गात फळ्याकडे बोट दाखवावे तसे म्हणाले, “काढा. कुठलीही काढा. आणि मोजा. एक, दोन, तीन.”

बाईंनी पिशवीतून एक पातळ पाते काढले, चुन्याच्या रेषेत घातले आणि हलकेच हलवले. छोटू घण-छिन्नीच्या तयारीत होता. त्याची गरज लागली नाही. पुस्तकाच्या कपाटातून पुस्तक निघावे तशी वीट बाईंच्या हातात आली. फक्त ती वीट नव्हती. समोरून विटेचे तोंड, मागे काहीच नाही. बशीपेक्षा थोडी जाड. वरच्या कडेला एक वाकडी जीभ आणि तिच्यात दोन भोके. भोकांत गंजलेले खिळे.

आणि ती जिथून निघाली तिथे, सकाळच्या उन्हात, एक जुनी, कोरडी, धडधाकट फळी दिसत होती.



“हे कौल आहे,” बाई म्हणाल्या. आवाज पूर्वीइतकाच मऊ होता. “विटेच्या तोंडाचं कौल. लाकडी घराच्या बाहेरून फळ्या मारतात, त्यांवर ही एकेक खिळ्याने टांगत जातात आणि सांध्यांत चुना भरतात. रस्त्यावरून बघणाऱ्याला वीटच वाटते. फक्त कोपऱ्यावर पितळ उघडं पडतं, म्हणून तिथे पट्ट्या लावतात. याही लाकडीच आहेत, दगडाचा रंग दिलेल्या.”

“म्हणजे भिंत...” दादा म्हणाले.

“लाकडाची.”

“किती विटा जाडीची?” दादांनी विचारले. सवय काही केल्या जात नाही.

“एकही नाही.”

छोटूच्या पोटातून हसू निघाले आणि त्याला रस्ता मिळायला वेळ लागला, कारण पोट मोठे होते. भट्टीवाले पणजोबा! ज्यांनी सगळ्या शहराला लाकडाची भीती घालून विटा विकल्या, ते जन्मभर लाकडी घरात झोपले. ज्यांनी पुढच्या चार पिढ्यांना एक खिळा ठोकू दिला नाही, त्यांनी स्वतः हजारो ठोकले होते. आणि काकू, जी सकाळपासून ओठ मिटून उभी होती, तिलाही आता आवरेना. ती इतकी मनमोकळी हसली की तिचा एक तात्पुरता दात निघून अंगणात पडला.

“अगंबाई!”

“हलू नकोस,” आत्या म्हणाली आणि वाकून तो उचलला. “बसवते मी. घराचं कवच गळतंय, निदान तुझं तरी जागेवर राहू दे.”

“अर्ज खोटा ठरला,” छोटू डोळे पुसत म्हणाला. “अस्सल विटेची इमारत, म्हणे! बाई, तुमचा वेळ गेला. माफ करा हं. आमच्या घराण्यातच...”

“पाडा,” दादा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

“पाडून टाका. छोटू, तुझे कागद कुठे आहेत? मी सही करतो. आजच.” त्यांचा आवाज शांत होता. असा आवाज फक्त दोन जातींच्या माणसांचा असतो: संतांचा, आणि ज्यांचा ग्रंथ नुकताच खोटा ठरला आहे अशांचा. “हे घर उभं राहायला नको.”

आत्याच्या हातात काकूचा दात होता. तिने मूठ मिटली.

*

बाईंनी ते कौल परत आपल्या जागी टांगले. मग हात झटकत त्या म्हणाल्या, “अर्ज मागे घ्यायचा असेल तर घ्या. तुमचा हक्क आहे. पण मला हे घर फार आवडलंय. विटांची घरं आमच्या यादीत ढिगाने आहेत. वीटवाल्याने स्वतःसाठी विटेचं सोंग चढवलेलं लाकडी घर एकही नाही. मी शिफारस करीन.”

“मग करा ना!” आत्या म्हणाली.

“मात्र नवं निवेदन लागेल. घर खरोखर काय आहे ते स्पष्ट लिहून, दोघांच्या सहीने. समिती उद्या बसते आहे. मला वरच्या मजल्यावरची मापं घ्यायची आहेत, तोवर ठरवा.” आणि त्या जिन्याकडे गेल्या. पायऱ्या करकरल्या, या वेळी कोणी उबेचा विषय काढला नाही.

दादा दवाखान्यात जाऊन बसले. तिथे बसायला एकच खुर्ची होती, रुग्णाची, आणि तिच्यात बसलेला माणूस विद्वान दिसत नाही. आत्या त्यांच्याशेजारी आपल्या चाकांच्या स्टुलावर बसली. दारात छोटू, त्याच्यामागे काकू.

“दादा,” छोटू म्हणाला, “तू काळजीच करू नकोस. मी कापड लावून पाडीन. उंच हिरवं कापड, चारही बाजूंनी. कोणाला फळी दिसायची नाही. आणि नव्या इमारतीला नाव तुझ्या ग्रंथाचं. मोठ्या अक्षरांत. दारावर.”

दादांनी डोळे मिटले. कल्पना वाईट नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

आत्याला आपल्या दोन्ही खोल्या एकदम डोळ्यांपुढे आल्या. खालची ही, खिडकीतून येणाऱ्या उजेडात रुग्णाचा जबडा अगदी आतपर्यंत दिसणारी. वरची ती, जिथे पहाटे तुळई एकदा हळूच बोलायची आणि तिला जाग यायची. सातव्या मजल्यावर काही बोलत नाही. भांडून उपयोग नव्हता. दुखऱ्या दाताशी कोणी भांडत नाही. आधी तो नेमका कुठे दुखतो ते पाहायचे असते.

“छोटू,” ती सहज म्हणाली, “आणि लाकडाचं काय करशील रे?”

“कुठल्या?”

“घरातल्या. तुळया, फळ्या, खांब. एवढं जुनं लाकूड, फेकून थोडंच देणार?”

“फेकतोय कशाला! असं सागवान आता मिळतं का? बाजारात उभं करायचा अवकाश, लोक तुटून पडतील. विटेच्या घरातलं म्हटलं की...” छोटू थांबला. काकूने मागून त्याच्या पाठीत बोट खुपसले होते, पण जरा उशिरा. किंवा अगदी वेळेवर. तिच्या नणंदेच्या मुठीत तिचा दात होता.

दादांनी डोळे उघडले.

“विटेच्या घरातलं सागवान,” आत्या म्हणाली. “पाटी लावून. भर बाजारात. तुझ्या विभागातले ते गृहस्थ येतात ना रे दादा बाजारात? ते, ज्यांनी तुझ्या ग्रंथाचं परीक्षण लिहायचं नाकारलं?”

“बेबी.”

“त्यांना लिहायला नवा विषय मिळेल, एवढंच म्हणते.”

वरच्या मजल्यावर मोजपट्टी सरकल्याचा आवाज आला. मग दादा छताकडे बघत म्हणाले, “तुला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“ही खुर्ची बसवली तेव्हापासून. नळवाल्याचं गिरमिट भिंतीतून बाहेर आलं तर त्याला भुसा. तो म्हणाला, बाई, तुमच्या विटेला पालवी फुटेल बघा एक दिवस.”

“आणि मी तेव्हा काय करत होतो?”

“माडीवर बसून तिसरं प्रकरण लिहीत होतास. भिंतींच्या जाडीचं.”

“सांगितलं का नाहीस?”

“सांगायलाच वर आले होते. तू मला बसवलंस आणि वाचून दाखवायला लागलास. इतका खूश होतास, दादा. ते ‘पाषाणाहून कठीण आणि आईहून मायाळू’ वगैरे. मी म्हटलं, संपल्यावर सांगू. मग तू चौथं काढलंस.”

छोटू हसायला गेला, पण काकूने या वेळी बोट अगदी वेळेवर खुपसले.

“लोक हसतील,” दादा म्हणाले.

“हसतील. कोणाला हसायचं ते तू ठरव. पणजोबांना, की तुला.”

“मी फसलो ना, बेबी. नऊ प्रकरणं फसलो.”

“ते कोणाला माहीत आहे?” आत्या त्यांच्याकडे वाकली. तिचा आवाज इंजेक्शनच्या आधी होतो तसा मऊ झाला. “खरं सांग. तो ग्रंथ कोणी वाचलाय?”

माणसाला दुखवण्याचे हजार प्रकार असतील. पण ज्या जागी दुखवले तिथेच नेमके बरे वाटावे, हे कौशल्य वैद्यांनाच साधते. दादांना आधी ते वाक्य झोंबले. मग, एकेक गठ्ठा आठवत, त्यांच्या ध्यानात आले की आपण सुखरूप आहोत. सगळ्या प्रती सुतळीसकट पोटमाळ्यावर होत्या. आणि जी एक बाईंच्या पिशवीत होती, ती तितकी जड होती की परत मागितल्यास त्या आनंदाने देतील.

ते खुर्चीतून उठले. वाडग्यात चूळ भरली, उगाचच. रुमालाने तोंड टिपले.

“कागद दे,” ते म्हणाले.

*

निवेदन लिहायला दादांना अपेक्षेपेक्षा कमी वेळ लागला. त्यांची लेखणी कधी नव्हे इतकी मोकळी चालली. बाई माप घेऊन उतरल्या तेव्हा ते जेवणघरात उभे राहून वाचतच होते, एक हात पाठीमागे, वर्गात असायचा तसा.

“‘प्रस्तुत वास्तू सकृद्दर्शनी विटेची भासते. तथापि खिडक्यांची अल्प खोली, रात्रीचा करकराट, पावसाळ्यात दारांचे फुगणे, इत्यादी लक्षणांवरून प्रस्तुत लेखकास दीर्घकाळ असा दाट संशय होता की...’”

“दीर्घकाळ?” छोटूचा आवाज चिरकला. “ताई, ऐकतेस ना? सकाळी हाच म्हणत होता, वैराग्य!”

“मध्ये बोलू नकोस,” दादा म्हणाले. “‘...की वास्तूचा मूळ सांगाडा लाकडी असावा. वास्तूच्या संस्थापकाने आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी केलेली ही चतुर योजना उघडकीस आणण्याचे श्रेय,’ इथे मी संयम ठेवला आहे, ‘ज्याला द्यायचे त्याला अभ्यासक देतीलच.’”

“छान संयम आहे,” बाई म्हणाल्या.

“पुढे ऐका. ‘संशोधनात बाधा येऊ नये म्हणून लेखकाने याबाबत गुप्तता पाळली. घरातील अन्य कोणासही, विशेषतः येथेच वास्तव्य आणि व्यवसाय करणाऱ्या माझ्या भगिनीस, या गोष्टीची यत्किंचितही कल्पना नव्हती.’”

काकूने तोंडावर हात ठेवला. छोटू उठून उभा राहिला. “हे खोटं आहे! धडधडीत! ताई, तू यावर सही करणार? तुलाच माहीत होतं, एकटीला! इतकी वर्षं!”

दादांनी कागद टेबलावर ठेवला, आपली सही केली आणि लेखणी बहिणीकडे सरकवली. त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांच्या कानांच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या, लहानपणी चोरी पकडली की होत तशा.

आत्याने कागद वाचला. सगळा, सावकाश. ‘यत्किंचितही’ या शब्दावर ती थोडी थांबली. मग टेबलाशी बसून, रुग्णाच्या चिठ्ठीवर करते तशी नव्हे, पूर्ण आणि वाचता येईल अशी सही तिने खाली केली.

बाईंनी कागद उचलला. शाई वाळेपर्यंत हातात धरला. त्यांची मान पुन्हा किंचित कलती झाली.

“डॉक्टर,” त्यांनी विचारले, “तुम्हाला खरंच काही कल्पना नव्हती?”

“तिला कशी असणार?” दादा घाईघाईने म्हणाले. “बेबीला या विषयात पहिल्यापासूनच गती नाही.”

“अजिबात नाही,” आत्या म्हणाली, आणि काकूकडे वळली. “चल, खुर्चीत बस. तोंड उघड.”